लाकडी पायांचे गॉटवाल्ड

झ्लिन, ७ जानेवारी १९९०

ओल्द्रिख,

तुझे पत्र मिळाले. पाकिटावर तू गावाचे जुने नाव लिहिले होतेस, त्यामुळे पोस्टमन दारातच हसत उभा राहिला. "गॉटवाल्डोवाबाई, मुक्काम गॉटवाल्डोव्ह! आता दोघांतलं एक तरी बदला हो." मी म्हटले, गावाने बदलले आहे, तेवढे पुरे.

तू सीमेपलीकडे ऑस्ट्रियात पळालास, त्यानंतरच्या सात वर्षांतले हे तुझे पहिले मोठे पत्र. बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल त्यात एक ओळ आहे आणि आडनावाबद्दल दीड पान. मला समजले ते असे. एक जानेवारीपासून शहराने त्या कम्युनिस्ट राष्ट्राध्यक्ष गॉटवाल्डचे नाव टाकले आणि आपले मूळ नाव परत घेतले, तेव्हा आपणही ते टाकावे. आई, तू आणि मी, तिघांनी आईच्या माहेरचे ह्रादिल हे आडनाव घ्यावे. बाबांच्या थडग्यावर दगड बसेल त्यावरही तेच कोरावे. माती बसायला वर्ष लागते, शरद ऋतूपर्यंत दगड उभा करता येणार नाही, म्हणजे घाई नाही, असेही तू लिहिले आहेस.

मातीबद्दल तुझे बरोबर आहे. बाकीच्याला माझे उत्तर 'नाही' असे आहे.

माझ्या नोकरीची चौकशी केलीस. मोजणी कार्यालयात मी नकाशे काढते. सध्या एकच काम आहे. नकाशाच्या प्लॅस्टिक फिल्मवर शहराचे नाव काळ्या शाईत असते, ते दाढीच्या पात्याने खरवडायचे. हात हलका लागतो, नाहीतर फिल्म खरखरीत होते आणि नवी शाई पसरते. झ्लिन हे नाव छोटे आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना बरीच जागा मोकळी उरते. आमचे प्रमुख, माखाला नावाचे गृहस्थ, माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "स्वतःचं नाव इतकं मन लावून खरवडणारी पोरगी मी पहिल्यांदाच बघतोय."

"हे शहराचं आहे, साहेब. माझं माझ्या दारावर आहे."

"मग लग्न कर एकदाचं. सुटशील."

"लग्न केलं तरी हेच ठेवणार."

खोलीतले सगळे हसले. मी पाते बदलले.

तू लिहिलेस, "त्या माणसाचं नाव आपण किती दिवस वाहायचं?" त्या माणसाचे नाव आपण एक दिवसही वाहिलेले नाही. आपल्या आजोबांचे आजोबा हे नाव लावून डोंगरातून खाली आले, तेव्हा तो माणूस जन्मलासुद्धा नव्हता. बाबा कारखान्यात कलबुते, म्हणजे ज्यांच्यावर बूट शिवतात ते लाकडी पाय, घडवायचे आणि नाव ऐकून कोणी सावरून उभा राहिला की म्हणायचे, "बसा, बसा. तो मी नव्हे. आम्ही लाकडी पायांचे गॉटवाल्ड." तूही हे ऐकलेले आहेस. तुझ्यासमोरच तो वाहतूक पोलीस सॅल्यूट करून मोकळा झाला होता आणि बाबांनी त्याला परत बोलावून दंडाची पावती फाडायला लावली होती. तू तेव्हा गाडीत तोंड लपवून बसला होतास.

ब्लांका गॉटवाल्डोवा


झ्लिन, २५ फेब्रुवारी

ओल्द्रिख,

हे तुला कळवणे भाग आहे, कारण आई कळवणारच आणि ती वेगळ्या तऱ्हेने कळवेल.

बाबांच्या थडग्यावर तात्पुरता लाकडी क्रूस आहे. त्यावर पत्र्याची पाटी होती, निळ्यावर पांढरी अक्षरे. ती कारखान्यातल्या त्यांच्या सोबत्यांनी करून दिली होती. त्यांच्या रंगकामाच्या खोलीत शहराच्या पाट्यांसाठी ठेवलेले स्टेन्सिल होते. नाव तेच, मग नवे कोण कापत बसणार? त्यांनी तेच वापरले, शेवटची 'ओव्ह'ची दोन अक्षरे कागद लावून झाकली, वर बाबांचे नाव आणि खाली साल हाताने रंगवले. सोबत्यांना ते फार गमतीचे वाटले होते. बाबांनाही वाटले असते. अक्षरांची जाडी आणि झुकाव हुबेहूब रेल्वे स्टेशनच्या पाटीसारखा होता.

आज मी आणि आई गेलो तर पाटी नव्हती. चार भोके होती. तोडलेली नव्हती, स्क्रू नीट फिरवून काढले होते.

आई पिशवी दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बघ. आता मेलेल्यांनाही उखडायला लागले."

मी म्हटले, कुणीतरी चुकून नेली असेल.

"चुकून? थडग्यावरून? अगं, त्यांना तो नको आहे इथे." आणि बसमध्ये, खिडकीकडे बघत, "ओल्दाचंच बरोबर असेल. ह्रादिल म्हणून तरी सुखानं झोपू देतील त्याला."

तू खूश होशील म्हणून हे लिहीत नाही. आईने असे म्हटले हे खरे आहे आणि मी खरे तेच कळवते. माझे उत्तर तेच आहे.

ब्लांका गॉटवाल्डोवा


झ्लिन, १९ मार्च

ओल्द्रिख,

पाटी सापडली.

आपल्या वस्तीच्या नागरिक समितीचे वाव्रा तुला आठवतील. ट्रॉलीबस चालवायचे, वळणावर प्रवाशांना शिव्या द्यायचे. आता निवृत्त आहेत. जुनी राजवट पडली तेव्हापासून, म्हणजे डिसेंबरपासून, कोटाला लाल-पांढरी-निळी फीत लावून आणि खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन ते गावभर जुन्या नावाच्या पाट्या काढत हिंडत होते. त्या सगळ्या वस्तीच्या सभागृहात रचल्या आहेत. मुलांच्या इस्पितळासाठी त्यांचा लिलाव करायचा म्हणे. मी गेले आणि ढिगाऱ्यातून आपली ओढून काढली.

"ही आमची."

"तुमची कशी? अहो, ही सगळ्या जनतेच्या डोक्यावर होती, म्हणून तर काढली!"

"हिच्यावर जन्मसाल आहे, वाव्रासाहेब. शहराला जन्मसाल कुठे असतं?"

त्यांनी चष्मा लावला. वाचले. मग पाट्यांच्या ढिगावरच बसले.

"यारोस्लाव. म्हणजे यारेक? कलबुतांचा यारेक? अहो, माझ्या बायकोच्या अंगठ्याला हाड वाढलं होतं, यानं तिच्यापुरतं वेगळं कलबूत घडवून दिलं. तिचे शेवटचे बूट तेच."

"तेच ते."

"संध्याकाळ झाली होती. लांबून अक्षरं तीच दिसली. मला वाटलं, बघा, हा माणूस कबरस्तानातसुद्धा घुसलाय!"

"घुसले नव्हते. आमचे वडील झोपले होते तिथे."

वाव्रांचा चेहरा उतरला. म्हणाले, उद्या सकाळी कुणाच्या लक्षात यायच्या आत लावून टाकतो.

"गुपचूप नको. रविवारी प्रार्थनेनंतर लावा, लोक थडग्यांवर येतात तेव्हा. फीत लावून या."

"बाई, तुम्ही फार कडक आहात."

"काढताना फीत होती ना?"

काल ते आले. फीत लावून, टोपी काढून. चार स्क्रू बसवले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "चूक माझी. हा तो नव्हे. हा आपला." बहुतेकांनी माना हलवल्या. एका बाईने मात्र जाता जाता आईला ऐकवले, "ते ठीक आहे हो, पण दगडावर तरी दुसरं काही घाला. दर वेळी कोण चष्मा लावून वाचत बसणार?"

आई परतीच्या वाटेवर माझ्या पुढे पुढे चालत राहिली. मला ती बोललेली चालली असती.

ब्लांका गॉटवाल्डोवा


झ्लिन, २२ एप्रिल

ओल्द्रिख,

तू समोर असताना मी गप्प राहिले, आता लिहिते. समोर बोलताना आवाज चढतो आणि चढलेल्या आवाजात मुद्दे सुटतात.

ईस्टरला तू आलास हे चांगले झाले. आईने दोन दिवस आधीपासून पीठ मळले होते. तू हॉटेलात उतरलास, त्याचे कारण तिने विचारले नाही, मीही विचारत नाही. सोमवारी सकाळी तू विलोच्या फांद्यांची वेणी घेऊन आलास, रिवाजाप्रमाणे आम्हा दोघींच्या पायांवर फटके मारलेस, रंगवलेली अंडी घेतलीस, स्लिवोवित्सेचा, आलुबुखाराच्या दारूचा, पेला रिचवलास. आई पहिल्यांदा मनापासून हसली. आणि ती हसत असतानाच तू खिशातून अर्ज काढलास. नाव बदलण्याचे तीन अर्ज, टाइप केलेले, सहीची जागा पेन्सिलने खुणावलेली.

तू सही केलीस. आईनेही केली. तिची सही तू पाहिलीस का? तिने आडनाव इतके बारीक काढले की ते मलाही वाचता आले नाही. अक्षरे वाचणे हा माझा धंदा आहे.

मला तू म्हणालास, "तुझ्याकडे तत्त्व नाही, नुसता हट्ट आहे."

असू दे हट्ट. पण आधी तुझे तत्त्व बघू. आपल्या चौकात तुला बुटांचे दुकान काढायचे आहे, लिंत्झचा भागीदार पैसे घालणार आहे, पाटीचा आराखडाही तयार आहे: ह्रादिल. हे तू आईला सांगितले नाहीस. कागद गाडीच्या मागच्या सीटवर उघडा पडला होता. आणि तू मला जे कार्ड दिलेस त्यावर तू अजून गॉटवाल्डच आहेस, कारण लिंत्झमध्ये या नावाची माणसे ढिगाने आहेत आणि कोणी मान वळवून बघत नाही. तिथे नाव चालते. इथे गिऱ्हाईक बिचकेल म्हणून ते आईने टाकायचे, मी टाकायचे आणि मेलेल्या माणसानेही टाकायचे.

आता एक गोष्ट तुला ठाऊक नाही, कारण तेव्हा तू सीमेपलीकडे होतास. तू पळालास त्या वर्षी मी ब्रनोच्या इंजिनियरिंग कॉलेजची प्रवेशपरीक्षा पास झाले होते. मला बोलावणे आले, बाबा बरोबर आले. टेबलामागचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "कॉम्रेड गॉटवाल्ड, मुलगा असा निघाला, वाईट झालं. पण घराण्याचा थोडा संबंध असेल, लांबचा का होईना, तर मला इथे तसं लिहिता येईल. पोरीचं आयुष्य मार्गी लागेल. नुसती मान हलवलीत तरी चालेल."

बाबांनी माझ्याकडे बघितले. ते मला विचारत होते, ओल्द्रिख. माझ्याच आयुष्याचा प्रश्न होता, म्हणून त्यांनी मला विचारले. मी त्यांना खूण केली, नको.

बाबा म्हणाले, "संबंध नाही. आम्ही लाकडी पायांचे."

मला कॉलेज मिळाले नाही. बाबांना कलबुतांच्या खोलीतून काढून गोदामात पाठवले. ते तिथेच निवृत्त झाले. मी तक्रार करत नाही, फक्त कोणाला काय पडले ते सांगते. त्या माणसाशी नाते सांगून ज्या काळात सगळे मिळत होते, तेव्हा आम्ही सांगितले नाही. आज त्याच्यापासून लांब पळण्यासाठी नाव टाकले, तर ते नाव त्याचे होते असे आम्हीच कबूल केल्यासारखे होईल. चाळीस वर्षे शहर त्याला दिले, पुष्कळ झाले. आमचे आडनाव त्याला मिळणार नाही.

माझा अर्ज परत पाठवत आहे. सहीची जागा कोरी आहे.

ब्लांका गॉटवाल्डोवा


झ्लिन, १६ सप्टेंबर

ओल्द्रिख,

उन्हाळाभर लिहिले नाही. लिहिण्यासारखे होते, पण ते आईचे होते आणि तिने परवानगी दिली नव्हती. आता दिली आहे.

तिच्या अर्जावर तिला ऑगस्टमध्ये कचेरीत बोलावले. मी बरोबर जाते म्हटले तर म्हणाली, "तू आलीस तर मी तुझ्यासारखं बोलेन. मला माझं बोलू दे." चांगला कोट घालून गेली. तासाभराने परत आली, कोट न काढता स्वयंपाकघरात बसली.

"एवढीशी पोरगी होती गं. नखं रंगवलेली. कारणाच्या रकान्यावर पेन ठेवून मला म्हणते, आजी, नवऱ्याचं नाव का नको?"

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, बदनाम झालंय. ती म्हणाली, कुणी केलं बदनाम, तुमच्या नवऱ्यानं?" आईने हातमोजे टेबलावर ठेवले. "मी तिच्याकडे बघत राहिले. म्हटलं, माझ्या नवऱ्यानं? त्यानं कधी दुसऱ्याच्या मापाचं कलबूत आपलं म्हणून खपवलं नाही! ती घाबरलीच बिचारी. म्हणाली, मग काय लिहू? मी म्हटलं, काही लिहू नकोस, तो कागद इकडे दे."

अर्ज तिने मागून आणला. भाजी निवडताना देठे त्यावरच टाकली.

मला वाटले प्रश्न मिटला. पण बुधवारी तुझे पत्र आले. दुकान महिन्याभरात उघडते आहे, पाटी लागली आहे, आणि दगडावर ते नाव कोरले तर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तू कबरस्तानात येणार नाहीस. "त्या नावाच्या दगडापुढे मी मेणबत्ती लावणार नाही." तू हे मला लिहिले असतेस तर मी उत्तर दिले असते. तू ते आईला लिहिलेस. एकुलता एक मुलगा, सात वर्षांनी हाती लागलेला, त्याला ठेवायचे की नवऱ्याचे नाव, हे तिने ठरवायचे. फार हुशारीने लिहिले आहेस.

ती दोन दिवस जेवली नाही. तुला वाईट वाटावे म्हणून लिहीत नाही, माझ्यापुरते सांगायचे तर वाटले तरी चालेल.

काल आम्ही पाथरवटाकडे गेलो. शिमुनेक, नदीच्या पलीकडे. थडग्याची जागा माझ्या नावावर आहे, अंत्यविधीच्या आठवड्यात आई अंथरुणावर होती म्हणून. कायद्याने मी एकटीने ठरवू शकते. मी ते आईला तिथेच, शिमुनेकसमोर, सांगितले आणि म्हटले, मी ठरवणार नाही. तू सांग.

शिमुनेकने पेन्सिल कानावरून काढली. "वर कुटुंबाचं नाव, मोठं. काय घालू?"

आई दगडाची धार हाताने चाचपत होती. "धारदार आहे हो."

"गोल करून देतो. नाव?"

"माझा मुलगा येणार नाही म्हणतो."

"ते दगडावर घालायचं नाही ना, आजी?"

आणि आई हसली. खरेच हसली, मला वाटते त्यालाही तशी अपेक्षा नव्हती. मग तिने आडनाव सांगितले. हळू सांगितले. शिमुनेकला एका कानाने कमी ऐकू येते. "काय म्हणालात?" म्हणून त्याने विचारले आणि आईने पुन्हा सांगितले, असे की अंगणातल्या दोन गड्यांनी हातोडे थांबवले.

अक्षरे मी स्वतः काढून देणार आहे, पूर्ण आकाराची.

ब्लांका गॉटवाल्डोवा


झ्लिन, ४ नोव्हेंबर

ओल्द्रिख,

दगड बसला. शुक्रवारी मृतांचा दिवस होता आणि तू आला नाहीस. आई दर थोड्या वेळाने फाटकाकडे बघत होती, पण शेवंतीच्या कुंड्या लावायचे काम तिने थांबवले नाही.

वर "गॉटवाल्ड कुटुंब" आहे. खाली बाबा. त्याखाली आई, नाव आणि जन्मसाल, पुढे रेघ आणि मोकळी जागा. मागे राहिलेल्या जोडीदाराचे असे आधीच कोरून ठेवतात, ते तुला माहीत आहे. नमुना घेऊन गेले तेव्हा शिमुनेकने सवयीने विचारले, "एवढंच?" मी म्हटले, अजून एक ओळ आहे. कागदावर मी ती आधीच काढली होती.

त्याने वाचले, मग माझ्याकडे बघितले. "ही तुम्ही?"

"मी."

"वय काय तुमचं? उद्या लग्न होईल, नवऱ्याशेजारी जाल, ही ओळ वाया जाईल."

"नवऱ्याला इथे यावं लागेल. जागा आहे."

"पोरी," तो म्हणाला, आणि त्याने पहिल्यांदा मला बाई म्हटले नाही, "लोक हे नाव दारावरून काढतायत आणि तू दगडात घालतेस?"

"म्हणूनच."

शुक्रवारी संध्याकाळी सगळी टेकडी मेणबत्त्यांनी उजळली होती. लोक आपल्या थडग्यावरून निघाले की शेजारच्यांचे वाचत जातात, तसे आमच्यापाशीही थांबत होते. बऱ्याच जणांनी आधी वरचे नाव वाचले, मग माझी ओळ, मग माझा चेहरा. एकाने टोपी काढली, ती कुणासाठी ते मी ठरवू शकले नाही. वाव्रा आले, दिवा ठेवला. म्हणाले, "जिवंतपणी स्वतःचं नाव! विधवांचं कोरतात, तरुण पोरींचं नाही. यारेकनं तुला चांगली चपराक दिली असती."

"दिली असती," मी म्हटले.

"आणि मग सगळ्या कारखान्याला आणून दाखवलं असतं," ते म्हणाले.

तुझी ओळ मी कोरून घेतलेली नाही. ती विचारल्याशिवाय कोरण्याचा मला अधिकार नाही. जागा सोडलेली नाही आणि बुजवलेलीही नाही. दगडाला जेवढी उंची आहे तेवढी आहे.

तुझे दुकान मी बाहेरून पाहिले. पाटीची अक्षरे चांगली आहेत, ओळ किंचित उजवीकडे झुकली आहे. आत गर्दी होती. आईला हिवाळ्यासाठी बूट हवे आहेत. तिचा पाय रुंद आहे, तयार जोड होत नाही. बाबा गेल्यापासून तिच्या मापाचे कलबूत कोणी केलेले नाही, त्यामुळे लिंत्झहून मागवावे लागतील. मागवायचे तर तुझ्या माणसाला गिऱ्हाइकाचे नाव लिहून घ्यावे लागेल.

ती शनिवारी सकाळी येणार आहे, गर्दीच्या वेळी. मी बरोबर नसेन, तिने नको म्हटले आहे. काउंटरवर आडनाव विचारले की ती सांगेल. हल्ली ती ते मोठ्याने सांगते.

ब्लांका गॉटवाल्डोवा